‘एकटाच खेळत बसतो’ म्हणणाऱ्या पालकांसाठी

“खेळण्याला ना नाही मॅडम, पण सारखा एकटाच मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतो.” असं एका घरचे सांगतात. दुसऱ्या घरचे सांगतात, “एकट्याने खेळला तर चालेल हो, पण कुठल्या कुठल्या पोरांशी हेडफोन लावून ओरडत असतो.” ठाणे असो की नवी मुंबई, गेमबद्दल समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांची काळजी या दोनपैकी एका वाक्यात मावते. एकाला एकांत खुपतो, दुसऱ्याला संगत. दोघांनाही वाटतं की मोड, म्हणजे एकट्याने की इतरांबरोबर खेळायचं हे, बदललं की काम झालं. पण मुलगा त्या मोडमधून काय मिळवत होता, हे न बघता केलेला बदल बऱ्याचदा अंगाशी येतो. खारघरच्या एका कुटुंबाचा अनुभव सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ओम नववीत होता. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून खारघरला आलं आणि त्याची शाळा बदलली. तो आणि जुन्या शाळेतले तीन मित्र, असा चौघांचा स्क्वॉड, म्हणजे गट, रोज रात्री बीजीएमआय ही मोबाइलवरची ऑनलाइन लढाई खेळायचा. एकदा हेडफोन निघाला, स्पीकर चालू राहिला आणि कुणा अनोळखी मुलाने दिलेली आईवरची शिवी बाबांच्या कानावर पडली. त्यांनी तिथल्या तिथे गेम काढून टाकला. “खेळायचंच असेल तर एकट्याने खेळ. ऑनलाइन बंद.” ओमने माइनक्राफ्ट धरलं, ठोकळ्यांनी आपलं जग बांधायचा गेम. आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं उलटंच. पूर्वी दीड तासात उठणारा मुलगा तीन-तीन तास फोन सोडेना, आणि सोडला तरी घरात कुणाशी धड बोलेना.

मग घरचे त्याला माझ्याकडे घेऊन आले. सुरुवातीच्या भेटींत “हो”, “नाही”, “माहीत नाही” यापलीकडे तो गेला नाही. मग मी त्याला त्याचं माइनक्राफ्टमधलं जग दाखवायला सांगितलं. या वयाची मुलं गेमबद्दल बोलायला कचरतात, पण दाखवायला सांगितलं तर खुलतात.

समुद्राकाठी दुमजली घर बांधलेलं. खाली भट्टी आणि सामानाच्या पेट्या, मागे गव्हाचं शेत. वरच्या मजल्यावर ओळीने चार बेड: निळा, हिरवा, लाल, पिवळा.

“इथे तू एकटाच राहतोस ना?”

“हो.”

“मग चार बेड कशाला? एकट्याला रात्र काढायला एक पुरतो.”

“असेच. दिसायला बरे वाटतात.”

“हिरव्या रंगासाठी वाळवंट गाठलंस?”

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. “तुम्हाला माहितीये ते?” आणि मग, फोनकडे बघत, “हिरवा माझा नाहीये. माझा निळा.”

गेम आतून माहीत असल्याचा उपयोग इथे होतो. माइनक्राफ्टमध्ये एक बेड करायला एकाच रंगाच्या लोकरीचे तीन ठोकळे आणि तीन फळ्या लागतात. पिवळा आणि लाल रंग फुलांपासून होतो. हिरव्यासाठी मात्र निवडुंग शोधून तो भट्टीत भाजावा लागतो. एकट्याच्या जगात या रंगांनी काहीच फरक पडत नाही. मित्रांबरोबरच्या जगात पडतो. तिथे प्रत्येकाला आपला बेड लागतो, आणि साध्या सेटिंगमध्ये सगळे आडवे झाल्याशिवाय रात्र झटक्यात सरत नाही. येणारच नव्हते अशा तीन मित्रांसाठी ओम त्यांच्या आवडीच्या रंगाचे बेड मांडत होता.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांची मांडणी मला कामात सतत साथ देते. माणसाला मनापासून काही करावंसं वाटण्यामागे तीन भुका असतात: स्वतः निवडता येणं, काहीतरी जमणं आणि कुणाचं तरी असणं. रायन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हीच मांडणी व्हिडिओ गेमना लावून पाहिली, आणि खेळ का आवडतो याचं बरंच उत्तर त्यात सापडलं. सोलो, म्हणजे एकट्याच्या, खेळात पहिल्या दोन भुका छान भागतात. तिसरी भागवायला मल्टीप्लेअर, म्हणजे इतरांबरोबरचा खेळ, सोयीचा. ओमच्या बाबतीत बाबांनी नेमकी तिसरी काढून घेतली होती आणि ती भूक तो पहिल्या दोनांवर भागवू पाहत होता. त्या खेळात ती भागणारच नव्हती, म्हणून खेळणं आवरत नव्हतं. तीन तासांचं कोडं मला तिथे सुटलं.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडे चिडूनच म्हणाले, “म्हणजे परत ते बीजीएमआय सुरू करू?”

“लगेच नको. आधी मला सांगा, तुमची भांडणं नेमकी कधी व्हायची?”

“जेवायला बोलावलं की. ‘बाबा, एवढी मॅच.’ रोजचं ते.”

ते ‘एवढी मॅच’ खरं असतं. बीजीएमआयच्या एरँगल नकाशावर शंभर खेळाडू उतरतात आणि शेवटपर्यंत टिकलं तर मॅच अर्धा तास चालते. त्याला पॉज नाही. स्क्वॉडमधला एक जण नॉक झाला, म्हणजे जखमी होऊन पडला, की दुसऱ्याने जवळ जाऊन त्याला रिव्हाइव्ह करायचं, म्हणजे पुन्हा उठवायचं असतं. अशा वेळी मध्येच उठणं म्हणजे तिघांना तोंडघशी पाडणं, आणि मुलांच्या जगात ते लक्षात ठेवलं जातं. व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये पाच विरुद्ध पाच असतात, तेरा राऊंड आधी जिंकणारा जिंकतो, चाळीस मिनिटं सहज जातात, आणि वारंवार मध्येच सोडून जाणाऱ्याला गेमच शिक्षा करतो. त्यामुळे नियम मिनिटांचा न करता मॅचचा करावा. साडेआठला जेवण असेल तर आठनंतर नवी मॅच लावायची नाही. हे मुलाशी आधी ठरवायचं, हाक मारताना नाही. सोलो गेममध्ये बहुतेक वेळा पॉज किंवा सेव्ह करता येतं, तिथे मिनिटांचा नियम चालतो.

ओमच्या घरी आम्ही मधली वाट काढली. माइनक्राफ्टच्या मोबाइल आवृत्तीत आपलंच जग मित्रांना उघडता येतं. जगाच्या सेटिंगमध्ये मल्टीप्लेअर चालू करायचं आणि प्रवेश ‘इन्व्हाइट ओन्ली’ ठेवायचा, म्हणजे बोलावल्याशिवाय कुणी आत येत नाही. मुलाचं खातं पालकांच्या खात्याशी जोडलेलं असेल तर त्यासाठीची परवानगी एक्सबॉक्स या गेमखात्यांच्या सेवेतल्या फॅमिली सेटिंगमधून द्यावी लागते. बरेच जण इथेच अडतात आणि नेटला दोष देतात. मला यातली सर्वात मोलाची गोष्ट वेगळीच वाटली. यजमान बाहेर पडला की जग सगळ्यांसाठी बंद होतं. त्यामुळे “चला, नऊ वाजले” म्हणायचा मान ओमचा होता. ज्या मुलाची शाळा, घर, मित्र सगळं मोठ्यांनी बदललं, त्याच्या हातात एवढा एक निर्णय यायला हवाच होता.

हळूहळू वेळ सव्वा-दीड तासावर आली. पुढे शनिवार-रविवारी बीजीएमआयही परत आलं, दोन अटींवर: ऑटो मॅचिंग बंद, म्हणजे स्क्वॉडमध्ये अनोळखी कुणी घुसत नाही, आणि आवाजाचं चॅनल ‘ऑल’ऐवजी ‘टीम’वर, म्हणजे परक्यांच्या शिव्या कानावर येत नाहीत. ज्या शिवीवरून एवढं रामायण घडलं तिच्यावर हा दोन बटणांचा इलाज होता. मित्र ठाण्याहून पनवेल लोकल पकडून एका रविवारी खारघरच्या सेंट्रल पार्कलाही येऊन गेले. ते बाबांनी स्वतःहून जमवलं, आणि त्याचं मला फार बरं वाटलं.

यावरून कुणी सोलो खेळ वाईट ठरवू नये. पाचपाखाडीतली अकरावीची एक मुलगी कॉलेज आणि क्लासच्या गर्दीतून घरी आली की अर्धा-पाऊण तास शेतीचा गेम एकटी खेळायची. आईला ती एकलकोंडी वाटत होती. खेळून उठली की ती आईशी गप्पा मारायची, पोटभर जेवायची, मैत्रिणींना फोन करायची. दिवसभर माणसांत राहिलेल्या मुलीला तेवढा निवांतपणा लागत होता. त्या आईंना मी एकच सांगितलं: काही बदलू नका. तुमच्या घरीही खेळ संपल्यावरची दहा मिनिटं बघा. मूल हलकं होऊन उठतंय की रितं होऊन, हे मोडपेक्षा जास्त सांगतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं, गेमिंगच्या विकाराची व्याख्या आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं त्यापुढे मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण 12 महिने चाललेलं असणं. त्यात एकट्याने की चौघांत, याचा उल्लेख नाही. पण मुलाची झोप उडाली असेल, शाळा बुडत असेल, जेवणखाण सुटत असेल तर बारा महिने वाट बघत बसू नका. जवळच्या समुपदेशकाकडे जा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.