मागून बसलेली एस-क्लास: आधी टेप, मग पाना

गाडीची मागची बाजू खाली बसली म्हणून लगेच कॉम्प्रेसर (फुग्यांत हवा भरणारा पंप) मागवायची घाई करू नकोस. तुझी डब्ल्यू-२२०, म्हणजे मर्सिडीज एस-क्लासची जुनी पिढी, सहसा चारही चाकांशी हवेच्या फुग्यांवर उभी असते, त्यामुळे ‘स्प्रिंग दमली’ हा गल्लीतल्या मेकॅनिकचा निदान-मंत्र इथे चालत नाही.

रात्री गाडी सपाट जागी लाव. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घे, दोन्ही बाजूंचं, आणि लिहून ठेव. सकाळी दार उघडण्याआधी पुन्हा मोज; दार उघडलं की यंत्रणा जागी होऊ शकते. एकच बाजू उतरली असेल, तर संशय त्या बाजूच्या फुग्यावर किंवा नळीच्या जोडावर. मग साबणाचं पाणी मार, विशेषतः रबर खाली दुमडतं तिथे. भेगा तिथेच पडतात, आणि बुडबुडे इतके बारीक येतात की मिनिटभर टक लावून बसावं लागतं.

दोन्ही बाजू सारख्याच खाली? व्हॉल्व्ह ब्लॉक (फुग्यांकडे हवा वाटणारा झडपांचा संच) आणि लेव्हल सेन्सरचा, म्हणजे गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरचा, दांडा बघ. गाडी उठतच नसेल तर आधी कॉम्प्रेसरचा फ्यूज आणि रिले (त्याला वीज देणारा स्विच) तपास. माझ्या एका मित्राने गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला. तोही सतत धावून लवकरच जळाला.

आणि हो, स्टँड लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. हवा गेली की गाडी क्षणात बसते.