१४ बाय १७ चा कॅमेरा बांधण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. १४ बाय १७ इंचांचा कॅमेरा सुताराकडून बांधून घ्यायचा बेत चांगला आहे. समोरच्या कड्यावरचा एकेक दगड मोजता आला पाहिजे, ही तुझी अटही मला पटली. पण फिल्म मोठी की तपशील आपोआप जास्त, असं तू धरून चालला आहेस. तसं होत नाही, आणि लाकूड कापायच्या आधीच हे कळलेलं बरं.

लेन्स किती बारीक वस्तू वेगळ्या दाखवू शकेल, याची कमाल मर्यादा तिच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते. ४ बाय ५ इंचांच्या फिल्मवर १५० मिमी लेन्स एफ/२२ ला (म्हणजे छिद्राचा व्यास लेन्सच्या फोकल लांबीच्या बाविसाव्या भागाएवढा) लावलीस, तर छिद्र सुमारे ७ मिमी होतं. ८ बाय १० वर जवळपास तेच दृश्य ३०० मिमीने घेताना तेवढीच डेप्थ ऑफ फील्ड (जवळून दूरपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा) हवी असेल, तर एफ/४५ ला जावं लागतं. छिद्र पुन्हा ७ मिमीच. तुझ्या १४ बाय १७ वर ६०० मिमी लेन्स आणि एफ/९०, तरीही तेच. प्रकाशाच्या विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना तो पसरतो, त्यामुळे) एवढ्या छिद्रातून एक किलोमीटरवरच्या १० सेंमीपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, फिल्म केवढीही असो. तीच ६०० मिमी एफ/२२ ला ठेवलीस, तर छिद्र २७ मिमीचं होतं आणि मर्यादा अडीच सेंमीपर्यंत खाली येते.

म्हणजे पायाजवळच्या गवतापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळंच स्पष्ट हवं असेल, तर मोठ्या फिल्मची कमाई छिद्र लहान करण्यातच खर्च होते. खरा फायदा मिळतो तो विषय दूर आणि जवळपास एका प्रतलात असताना. अमेरिकेत क्लिफर्ड रॉसने २००२ मध्ये ९ बाय १८ इंचांच्या हवाई फिल्मवर चालणारा आर-१ कॅमेरा बांधला आणि कोलोरॅडोतला माउंट सोप्रिस टिपला. भौतिकशास्त्रज्ञ ग्रॅहम फ्लिंटने आपल्या गिगापिक्सल प्रकल्पासाठी हाच आकार निवडला. त्यांची दूरची दृश्यं नीट बघ. विषयाची ही निवड भूमितीतून आलेली आहे.

यात एक सूट आहे. तुला फक्त कॉन्टॅक्ट प्रिंट (फिल्म थेट कागदावर ठेवून, तिच्याच मापाची) काढायची असेल, तर एफ/९० लाही बिनधास्त जा. २५ सेंमीवरून डोळ्याला मिलिमीटरमागे सहा-सात रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी) कळतात, आणि एफ/९० ला सुमारे १६ मिळतात. स्कॅन करून भिंतीएवढी प्रिंट काढायची असेल, तर मात्र एफ/२२ ते एफ/३२ सोडू नकोस. या दोन्हींतलं काय करायचं ते आधी ठरव. लेन्स, होल्डर (फिल्म बसवायची चौकट), स्टँड सगळं त्यावर अवलंबून आहे.

लेन्सबद्दल थोडक्यात. १४ बाय १७ चा कर्ण ५६ सेंमी आहे, म्हणजे निदान तेवढं प्रतिमावर्तुळ (लेन्स फिल्मवर टाकते त्या गोल प्रतिमेचा व्यास) हवं. फुजिनॉन-सी ६०० मिमी ६२ सेंमी झाकते. जुन्या ऑफसेट छापखान्यांतल्या प्रोसेस कॅमेऱ्यांच्या (छपाईच्या प्लेटसाठी मजकूर-चित्रांचे फोटो घेणाऱ्या) लेन्सही चालतात. संगणकावरून थेट प्लेट निघायला लागल्यावर ते कॅमेरे अडगळीत गेले, त्यामुळे अपो-रोनार, अपो-निक्कोर अशा लेन्स अधूनमधून हाती लागतात. फक्त विकणारा सांगतो ते वर्तुळ बहुधा एकास एक, म्हणजे वस्तूएवढ्याच प्रतिमेचं असतं. अनंतावर, म्हणजे दूरच्या दृश्यावर फोकस केल्यावर, ते निम्मं होतं. घेण्याआधी ग्राउंड ग्लासच्या (फोकस बघायच्या घासलेल्या काचेच्या) कोपऱ्याच्या जागी डोळा लावून लेन्समधून बघ. एफ/२२ ला छिद्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे. बदामासारखं चिरलेलं दिसलं, तर तो कोपरा काळा येणार.

आता जिथे सगळ्यात जास्त तपशील वाया जातो तिकडे वळू. फिल्म जिथे बसते आणि ग्राउंड ग्लासची खरखरीत बाजू जिथे असते, या दोन जागा एकच असायला हव्यात. ८ बाय १० च्या होल्डरची प्रमाण खोली (कडेपासून फिल्मपर्यंतची) ०.२६० इंच, म्हणजे ६.६ मिमी आहे आणि तिला ०.४ मिमीची सूट आहे. सुताराच्या होल्डरला कसलंच प्रमाण नसतं. स्कॅनसाठी एफ/२२ ला काम करायचं, तर होल्डरमधली फिल्म आणि काच यांच्या खोलीतला फरक ०.३ मिमीच्या आत आण. बाकीची सूट फिल्मच्या पोकासाठी आणि तुझ्या फोकसच्या चुकीसाठी राखून ठेवायची. होल्डरच्या कडांवर लोखंडी पट्टी आडवी ठेव आणि व्हर्नियर कॅलिपरच्या दांडीने चार कोपरे व मध्य असं पाच ठिकाणी मोज. दांडी दाबू नकोस, फिल्म खाली जाते आणि माप खोटं येतं. मग कॅमेऱ्याच्या पाठीवर पट्टी ठेवून काच तशीच मोज. काचेपुढे फ्रेनेल (प्रतिमा उजळ दाखवणारी खाचांची चपटी लेन्स) लावलीस, तर तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने फोकस सरकतो, हे विसरू नकोस.

मोजून झालं की प्रत्यक्ष चाचणी घे. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचे पाच कपटे पाच काठ्यांवर चिकटव आणि प्रत्येक एकेक सेंमी मागे सरकवत तीन मीटरवर उभे कर. मधल्यावर आठपट लूपने (डोळ्याला लावायच्या भिंगाने) फोकस कर आणि छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो घे. ६०० मिमीला या अंतरावर बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा पडदा) ७५ सेंमीपर्यंत ताणले जातात, म्हणून दोन तृतीयांश स्टॉप, म्हणजे सुमारे दीडपट प्रकाश जास्त दे. इथे कपट्यांमधला एक सेंमी म्हणजे फिल्मपाशी सुमारे ०.६ मिमी. मधल्याऐवजी पुढचा कपटा जास्त स्पष्ट आला, तर फिल्म काचेच्या मागे बसते आहे. काचेखाली पातळ पितळी पत्रा घालून काच मागे घे. मागचा कपटा स्पष्ट आला, तर काचेची बैठक घासून तिला पुढे आणावं लागेल.

एवढी मोठी फिल्म स्वतःच्या वजनाने पोक काढते आणि दमट हवेत होल्डरची स्लाइड (फिल्मपुढचं झाकण) ओढल्यावर हलते. होल्डर उभा धरून खालची कड हलकेच आपट, म्हणजे फिल्म तळाशी टेकते. स्लाइड काढल्यावर मिनिटभर थांबून मग शटर उघड. कॅमेरा खाली झुकवायचा असेल, तर होल्डरच्या आत फिल्मच्या मागे कमी चिकट अशा दुहेरी टेपचे तुकडे लाव.

या सगळ्या चाचण्यांना एक्स-रे फिल्म वापर. १४ बाय १७ हे तिचं नेहमीचंच माप आहे, आणि वैद्यकीय सामान विकणाऱ्यांकडे ती मिळते. हिरव्याला संवेदनशील फिल्म घे, उन्हात आयएसओ ८० धरून सुरुवात कर. डार्करूममध्ये गडद लाल दिवा चालतो, पण आधी फिल्मवर नाणं ठेवून पाच मिनिटं त्या उजेडात ठेव आणि डेव्हलप कर. नाण्याचा गोल दिसला, तर दिवा लांब हलव. लाल फिल्टर मात्र या फिल्मला लावू नकोस, ती कोरी निघेल. दोन्ही बाजूंना इमल्शन असल्यामुळे ट्रेच्या तळाला घासून ओरखडे येतात, म्हणून तळाशी काच ठेव. रोडिनाल हा डेव्हलपर एकास शंभर, दोन लिटर, म्हणजे २० मिली मूळ द्रावण एका फिल्मला पुरतं. उन्हाळ्यात नळाचं पाणी ३० अंशांवर जातं आणि जिलेटिन मऊ पडतं. ट्रे बर्फाच्या पाण्यात बसवून २० अंशांवर आण. दोन थरांमध्ये प्रकाश पसरत असल्याने अंतिम चित्रासाठी ही फिल्म नको. त्यासाठी इलफर्डची एफपी-४ प्लस ही कृष्णधवल फिल्म घे. इलफर्ड मोठ्या मापांच्या फिल्मची मागणी वर्षातून एकदाच घेतं, तेव्हा पैसे आधी बाजूला काढ.

बाहेर नेशील तेव्हा वारा आणि हवा या दोघांशी गाठ आहे. ताणलेले बेलोज शिडासारखे वारा धरतात, म्हणून पुढच्या फळीखाली दुसरा ट्रायपॉड हवाच. एफपी-४ ला भर उन्हात एफ/२२ वर १/६० सेकंद लागतो. लाल फिल्टर लावलास की तो १/८ होतो आणि धुरकटपणाही कटतो. अडीच सेंमी तपशिलाची आशा दुपारी धरू नकोस, तापलेल्या जमिनीवरची थरथरणारी हवाच तो पुसून टाकते. पाऊस संपल्यानंतरच्या दिवसांत, सूर्य उगवल्यावरचा पहिला तास धर.

होल्डरचा पहिला नमुना तयार झाला की पाचही ठिकाणची मापं मिलिमीटरच्या दोन दशांश स्थळांपर्यंत मला कळव. काचेचीही पाच मापं सोबत दे. ती बघेपर्यंत लेन्सचे पैसे कोणाला देऊ नकोस.

कळावे, लोभ असावा.