वाचकांचे प्रश्न : बाईंचा आवाज, सातचा पाढा आणि गॅदरिंगचं गाणं

या वेळची बहुतेक पत्रं प्राथमिक शाळेतल्या गाण्याबद्दल आहेत, म्हणून सगळा कॉलम त्यालाच देतेय.

प्रश्न : मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी एकाच खोलीत आणि मी एकटीच. वर्गात गाणी घ्यायची खूप इच्छा आहे पण माझा आवाज चांगला नाही, पेटी येत नाही, म्हणून मोबाईलला स्पीकर जोडून गाणी लावते. मुलं थोडा वेळ म्हणतात, मग नुसती ऐकत बसतात. काय करू?

उत्तर : बाई, स्पीकर बंद करा आणि तुम्ही म्हणा. खरंच सांगते, सहा-सात वर्षांच्या मुलाला तुमचा आवाज चांगला की वाईट याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला तो ओळखीचा असतो आणि तेवढं पुरतं. स्पीकरवरचं गाणं कोणासाठी थांबत नाही, एखादी ओळ जमली नाही म्हणून परत म्हणत नाही, आणि मुलं तुमचं तोंड बघून शब्द उचलतात ते तर त्या डब्याकडे बघून होणारच नाही.

फक्त एक गोष्ट सांभाळा, पट्टी, म्हणजे गाणं किती वरच्या सुरावर सुरू करायचं ते. पहिली-दुसरीच्या मुलांचा गळा सहज चालतो तो जेमतेम पाच-सहा सुरांत, पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, फार तर एखादा सूर वर. आपण मोठी माणसं याच्या खाली बोलतो, गाणंही तिथेच सुरू करतो (सर असतील तर आणखीनच खाली), मग मुलांना तो सूर लागत नाही, ती एकतर गद्यात बडबडतात नाहीतर ओरडतात आणि आपण म्हणतो यांना गाताच येत नाही. पेटी नसली तर मोबाईलवर कीबोर्डचं फुकट ॲप असतं, त्यात मिडल सीच्या उजवीकडची, म्हणजे मधल्या दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीमधली, पांढरी पट्टी दाबा, तो सूर गुणगुणून घ्या आणि तिथून सुरू करा. पहिल्यांदा जरा वर वाटेल पण मुलांना ते बरोबर बसतं.

गाणं चार ओळींचं घ्या, सूर कमी असलेलं. तुम्ही एक ओळ म्हणा, मुलं तीच ओळ म्हणतील, आणि ती म्हणत असताना तुम्ही गप्प राहून ऐका, त्यांच्याबरोबर म्हणू नका, कारण कोणाचं काय अडतंय ते तेव्हाच कळतं.

आणि चार वर्ग एकत्र असणं ही अडचण वाटत असेल ना, गाण्यासाठी ती सोयच आहे. चौथीची मुलं दादऱ्याचा ठेका धरू देत, धा धी ना धा ती ना, सहा मात्रा, धा ला मांडीवर थाप आणि बाकीच्यांना हलकी टाळी. तिसरीची मुलं एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणत राहतील आणि पहिली-दुसरी गाणं म्हणेल. अशी सगळी शाळा एका वेळी कामाला लागते, एरवी एका वर्गाला शिकवताना बाकीचे तीन नुसते लिहीतच बसलेले असतात. यासाठी वेगळा तास ठेवला नाही तरी चालेल. वह्या काढताना एक चाल, पाव-भाजी यायच्या आधी हात धुवायची रांग करताना दुसरी, आणि त्या रोज त्याच. काही दिवसांत तुम्ही पहिली ओळ गुणगुणलात की मुलं उठून रांगेत लागतील, "गप्प बसा" म्हणून घसा फोडायची वेळ फार कमी येईल.

प्रश्न : तिसरीची मुलं पाढे चालीवर खडाखडा म्हणतात पण मध्येच "सात सक किती" विचारलं की गप्प. चाल बंद करू का? (शिक्षिका, फोंडा)

उत्तर : बंद करू नका, चालीमुळेच ते इतकं पाठ झालंय. पण चालीवर पाठ केलेल्यात एक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते, म्हणून मूल मनातल्या मनात सात एके सातपासून निघतं आणि सकपर्यंत पोचायच्या आत तुम्ही दुसऱ्याला विचारलेलं असतं. तर आता त्याच चालीत जागा रिकाम्या सोडायला लागा. तुम्ही ठेक्यात "सात सक" म्हणा, दोन टाळ्या, आणि तिसऱ्या टाळीवर मुलांनी "बेचाळीस". मग पाच, आठ, तीन असं कुठूनही विचारा. मग दाहेपासून उलटं खाली या. हे जमलं की चाल काढून टाका आणि साध्या बोलण्यात विचारा, ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि मग परीक्षेत मूल अडतं.

अजून एक करून बघा, मला स्वतःला हे फार आवडतं. सगळ्यांनी १ ते २४ मोठ्याने मोजायचं, अर्ध्या वर्गाने प्रत्येक तिसऱ्या आकड्याला टाळी आणि अर्ध्याने प्रत्येक चौथ्याला पाय आपटायचा. १२ ला दोन्ही एकदम पडतात आणि वर्ग दचकून हसतो, मग २४ ला पुन्हा. तिथे थांबून विचारा असं का झालं. सामाईक पट हे नाव नंतर सांगा, ते त्यांना ऐकू आलेलं असतंच.

प्रश्न : मुलीच्या शाळेत वाचनाच्या वेळी मागे मोझार्ट लावतात, त्याने मेंदू तल्लख होतो म्हणे. खरं आहे का? (पालक, म्हापसा)

उत्तर : नाही. १९९३ मध्ये 'नेचर' मासिकात एक छोटा प्रयोग छापून आला होता, त्यात ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्ट ऐकलं आणि घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल अशा प्रकारच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. तो फायदाही दहा-पंधरा मिनिटांत संपला. लहान मुलं त्यात नव्हतीच. पण बातमी अशी पसरली की १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना शास्त्रीय संगीताच्या सीडी द्यायचा प्रस्ताव मांडला. नंतर इतरांनी तपासलं तेव्हा फारसं काही हाती लागलं नाही. चित्रकलेला, हस्तकलेला संगीत लावलं तर छानच, पण वाचताना शांतता हवी, आणि शब्द असलेलं गाणं तर नकोच, ते मुलीच्या डोक्यातल्या शब्दांवर येऊन पडतं.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. गॅदरिंगच्या समूहगीतात त्याला "तू फक्त तोंड हलव, आवाज काढू नको" असं सांगितलं. तेव्हापासून घरीपण गात नाही, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीलाही नुसता उभा होता. त्याला खरंच सूर नसेल का? (आई, डिचोली)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. सात वर्षांच्या मुलाला असं सांगू नये, कधीच सांगू नये, मग गॅदरिंगला कितीही मोठे पाहुणे येवोत. या वयात सूर न लागणारी मुलं वर्गात असतातच आणि त्यातल्या बहुतेकांचा सूर पुढे लागतो, कारण कान आणि गळा यांची जोडी अजून जमायची असते. ज्यांना सूर ओळखताच येत नाही अशी माणसं अगदी थोडी.

घरी एवढंच करा. त्याला तुमच्या सुरात आणायला जाऊ नका, तुम्ही त्याच्या सुरात जा. तो सहज जो सूर काढेल तो तुम्ही पकडा आणि त्यावरच त्याचं नाव, कुत्र्याचं नाव, जे सुचेल ते गा. दोन आवाज एकमेकांत मिसळले की कसं वाटतं हे त्याला एकदा कळू दे, बऱ्याच मुलांनी ते कधी अनुभवलेलंच नसतं. मग ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखं वर-खाली जायचं, मुलांना यात गाणं म्हटल्यासारखं वाटत नाही म्हणून लाज वाटत नाही, आणि गळ्याला वर जायची सवय होते. मग दोन सुरांची हाक, "आ-ई", लांबून. सर्दी सारखी होत असेल तर कानही एकदा तपासून घ्या, कमी ऐकू येणं हे कारण बऱ्याचदा कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि सूर शिकवता येतो हे आपल्या गोव्याला कोणी वेगळं सांगायला नको. चर्चच्या पॅरिश शाळांतून (गावच्या चर्चने चालवलेल्या शाळा) मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारे मास्तर, मुलांना सोल्फेज शिकवायचे, म्हणजे कागदावरचा सूर बघून गायचं, आणि ती सगळी साध्या घरांतली पोरं होती. त्याच परंपरेतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, त्यांचे वडील चर्चमध्ये कॉयर मास्टर होते, मुंबईला जाऊन व्हायोलिन वाजवलं, सिनेमाचं संगीत बांधलं, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन त्यांनीच शिकवलं. शाळेत जाऊन बाईंशी बोला, भांडू नका, पण पुढच्या गॅदरिंगला तो आवाजासकट उभा राहील एवढं नक्की करून घ्या.

प्रश्न : गणेश चतुर्थीनंतर मुलं घरून घुमट (हाताने वाजवायचं मातीचं वाद्य) आणतात. वर्गात वाजवू द्यावं का? आणि कातड्याचं काय? (शिक्षक, पेडणे)

उत्तर : द्याच. मातीचं भांडं, मोठ्या तोंडाला कातडं, छोटं तोंड उघडं आणि त्यावर डावा तळवा झाकत-सोडत आवाज बदलायचा, परिसर अभ्यासात ध्वनीचा धडा याच्याहून चांगला कुठे मिळणार? पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित आहे, त्यामुळे बकऱ्याचंच असू दे आणि ते का, हेही मुलांना सांगा. पावसात कातडं ढिलं पडतं, वाजवायच्या आधी थोडा वेळ उन्हात ठेवायला लागतं. एक-दोनच घुमटं असतील तर बाकीच्यांना करवंट्या द्या. आणि गावातल्या एखाद्या वाजवणाऱ्या काकांना तासभर बोलवा, आरतीचा ठेका आणि मांडोचा (ख्रिस्ती घरांतल्या कोकणी गाण्याचा) ठेका दोन्ही वाजवून दाखवायला सांगा, घुमट दोन्हीकडे आहे आणि तुमच्या वर्गात दोन्ही घरांतली मुलं असतील.