एकट्यासाठी हलका टेंट: आपल्या दमट हवेत काय चालतं

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. राहायला गोव्यात डिचोली. डिसेंबर-जानेवारीत सत्तरी, सांगे आणि चोर्ल्याच्या पलीकडे एकट्याने एक-दोन रात्रींचे ट्रेक, आणि पुढच्या सप्टेंबरात उत्तराखंड. उंची पाच फूट दहा इंच. चालताना ट्रेकिंग पोल, म्हणजे आधाराच्या काठ्या, वापरत नाही. बजेट पंधरा हजार आणि अट एकच, वजन एक किलोच्या आत. पर्याय तीन दिलेत: लूनर सोलोसारखा एकपदरी (एकाच कापडाचा), एक्स-मिड १ सारखा ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा दुपदरी (आत झोपायचा इनर, त्यावर पाऊस अडवणारा फ्लाय), आणि नेचरहाइकचा क्लाउड अप १.

माझं मत आधीच सांगतो. एकपदरी नको. दुपदरी घ्या, इनर जास्तीत जास्त जाळीचा बघा आणि एक किलोची अट दीड किलोपर्यंत सैल करा. ते जादा चार-पाचशे ग्रॅम तुम्हाला रात्री कोरडं ठेवतील.

एकपदरी टेंटची आपण नेटवर जी स्तुती वाचतो, त्यातली बरीचशी अमेरिकेतल्या कोरड्या डोंगरांत चालणाऱ्यांनी लिहिलेली असते. तिथे ती खरीच आहे. रात्रीची हवा कोरडी, वारा खेळता, त्यामुळे एकच कापड पुरतं. आपल्याकडे जानेवारीतल्या एखाद्या पहाटे वाळपईच्या बाजूला अंगणात उभ्या असलेल्या गाडीची काच बघा, निथळत असते. आकाश निरभ्र असलं की उघड्यावरचं कापड आपली उष्णता वर सोडतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड पडतं. मग हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. त्यात आत झोपलेला माणूस रात्रभर श्वासातून आणि घामातून भर घालतच असतो. पहाटे चारच्या सुमाराला टॉर्च मारून फ्लायच्या आतल्या बाजूला पाहिलंत तर आधी बारीक दव दिसतं, मग टपोरे थेंब, आणि कापडाला धक्का लागला की ते ओळीने खाली घसरतात. दुपदरी टेंटमध्ये हे सगळं जाळीच्या बाहेर घडतं, पाणी कडेने जमिनीत जातं. एकपदरीत तेच कापड तुमच्या डोक्यापासून आणि पायांपासून वीतभर अंतरावर असतं. झोपेत पाय ताणले की स्लीपिंग बॅगचं टोक भिजलंच. बॅग पिसांची असेल तर दुसऱ्या रात्री तिच्यात ऊब उरत नाही.

म्हणून दुकानात किंवा फोटोत पहिली गोष्ट बघायची ती हवा कुठून येते आणि कुठून जाते. फ्लायची खालची कड जमिनीपासून वीतभर वर राहते का? माथ्याजवळ उघडी राहणारी खिडकी आहे का? दार पूर्ण गुंडाळून ठेवता येतं का? खालून हवा यायला आणि वरून जायला, दोन्ही वाटा हव्यात. थंडीपासून बचाव हे स्लीपिंग बॅगचं काम आहे. टेंट बंद करून ऊब मिळवायला गेलात तर फक्त ओल वाढेल.

जाळीचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. वजन वाचवायला नुसती ताडपत्री बांधून खाली झोपणारे लोक आहेत, तुमच्याही मनात ते आज ना उद्या येईल. सत्तरीत ते करू नका. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलातला ताप, गोचिडीतून पसरतो. १९५७ मध्ये तो कर्नाटकात शिमोग्याच्या बाजूला पहिल्यांदा ओळखला गेला, आणि २०१५ पासून आपल्या सत्तरीतही त्याचे रुग्ण निघाले. काजूच्या हंगामात बागायतीत जाणाऱ्यांना त्याची चांगली ओळख आहे. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या ट्रेकचा काळ. तेव्हा चारी बाजूंनी वर वळलेली फरशी आणि पूर्ण बंद होणारी जाळी ही इथली गरज आहे. संध्याकाळी आत शिरण्याआधी कपडे झटका, घोटे आणि गुडघ्याच्या मागची बाजू तपासा, आणि चेन क्षणभरही उघडी ठेवू नका. डास आणि मुंग्यांचा बंदोबस्त त्यातच होतो.

आता जमीन. पोलवर उभे राहणारे टेंट संपूर्णपणे खुंट्यांच्या ताणावर उभे असतात. खुंटी सुटली की टेंट बसला. जंगलातल्या पाचोळ्याखालच्या मऊ मातीत अडचण नाही, पण सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर? तिथे मातीचा थर कुठे चार बोटं, कुठे तेवढाही नाही. हलकी ॲल्युमिनियमची खुंटी दोन इंच जाते, खडकाला टेकते आणि पुढच्या ठोक्याला वाकते. अशा ठिकाणी स्वतःच्या कमानीवर उभा राहणारा किंवा निदान अर्धा उभा राहणारा टेंट खूप सोपा पडतो, कारण त्याला फक्त दोन-तीन कोपरे ताणायचे असतात.

तरी सड्यावर दगडाने ताण द्यायची पद्धत शिकून ठेवा, कुठलाही टेंट घेतलात तरी उपयोगी पडेल. दोरीच्या टोकाला मोठा फास करायचा, त्यात खुंटी किंवा जाड काठी आडवी घालायची आणि ती जमिनीवर ठेवायची. मग तिच्या पुढे, टेंटच्या बाजूला, दोरीवर जड दगड ठेवायचा. ओढ आली की काठी दगडाला अडते आणि दोरी जागची हलत नाही. नुसती दगडाला दोरी गुंडाळण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम आहे. फक्त जांभ्याची कड कानशीसारखी खरखरीत असते, त्यामुळे दोरी तिच्यावर घासत नाही ना ते हात फिरवून बघा. दोन मिलिमीटरची चार-पाच मीटर जादा दोरी सॅकमध्ये असू द्या.

कापडाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गोव्यात टेंट मरतात ते डोंगरात नाही, कपाटात. बऱ्याच टेंटच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. उबदार आणि दमट जागी पाण्याच्या अंशामुळे हा लेप हळूहळू तुटत जातो, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. पिशवीत कोंबून पावसाळाभर ठेवलेला असा टेंट ऑक्टोबरात उघडला की लगेच कळतं. घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, सोडवताना चर्र आवाज येतो, आंबट वास नाकात जातो आणि बोट फिरवलं की लेपाचे पापुद्रे निघतात. त्यावर उपाय नाही, तो टेंट गेला. सिलिकॉनचा लेप असा खराब होत नाही. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असेल तर उत्तम, पण मग शिवणीवर टेप चिकटत नाही, म्हणून सिलिकॉनचं सीलर ब्रशने शिवणीवर स्वतः लावावं लागतं. कित्येक कापडांना बाहेरून सिलिकॉन आणि आतून पॉलियुरेथेन असतं, ते टेप चिकटावी म्हणूनच. वर्णनात हे लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा.

घरी आणल्यावर टेंट पंख्याखाली पूर्ण वाळवा, अगदी शिवणी आणि खालचे कोपरेसुद्धा. मग सुती पिशवीत किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. माळ्यावर नको, बाथरूमच्या भिंतीला लागलेल्या कपाटात तर नकोच. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून हवा दाखवा. कडक उन्हात तासन्‌तास मात्र वाळत घालू नका, नायलॉन उन्हाने कमजोर होतं.

नायलॉन की पॉलिएस्टर? तेवढ्याच वजनात नायलॉन जास्त चिवट. पण ओलं झालं की ते सैल पडतं आणि रात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर ताठ राहतं, उन्हालाही जास्त टिकतं. आपल्याकडच्या दवाला मी पॉलिएस्टर निवडेन, पण नायलॉन आहे म्हणून चांगला टेंट सोडू नका. कापडापुढचा डी म्हणजे डेनियर, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १५डी किंवा २०डीची फरशी नाजूक असते. तिच्याखाली जाडसर प्लॅस्टिक घाला, आणि ते फरशीपेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच लहान कापा. बाहेर डोकावलं तर फ्लायवरून आलेलं पाणी त्यावर साचून थेट तुमच्या पाठीखाली येतं.

लांबीकडे तुम्ही अजिबात लक्ष दिलेलं दिसत नाही. पाच दहा म्हणजे १७८ सेंटिमीटर. जाहिरातीतली लांबी फरशीची असते, आणि दोन्ही टोकांना भिंती तिरक्या आत येतात. त्यात मॅटवर झोपलात की तुम्ही चार-सहा सेंटिमीटर वर उचलले जाता, म्हणजे वापरता येणारी लांबी आणखी कमी. तुम्हाला निदान २१० सेंटिमीटर हवेत, भिंती फार उतरत्या असतील तर त्याहून जास्त. शक्य असेल तर दुकानात मॅट फुगवून आत आडवे व्हा. संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत.

वजनाचा आकडा वाचताना किमान वजन आणि एकूण वजन वेगळं धरा. किमान वजनात बहुतेक वेळा खुंट्या, दोऱ्या आणि पिशव्या नसतात. आठ खुंट्यांचे जवळपास शंभर ग्रॅम, वर दोऱ्या, पिशव्या, खालचं प्लॅस्टिक. लूनर सोलोचे साधारण ७४० ग्रॅम वाचून मोह होतो, पण त्यात ना खुंट्या आहेत ना पोल. तुम्ही पोल वापरत नाही, म्हणजे ते फक्त टेंटसाठी वाहायचे, एकेक दोनशे ग्रॅमच्या वर. एक्स-मिडला असे दोन लागतात.

एरवी एक्स-मिड मला फार आवडतो. दोन दारं, पॉलिएस्टरचा फ्लाय, आणि फ्लाय आधी उभा करून इनर नंतर आत टांगता येतो, त्यामुळे पावसात इनर कोरडा राहतो. उत्तराखंडात सप्टेंबरात हे फार मोलाचं आहे. पण बाहेरून मागवायचा तर आयात शुल्क धरून तो तुमच्या बजेटबाहेर जाईल. पुढे गुडघ्यांसाठी पोल घेतलेत आणि हात सैल झाला तर तेव्हा त्याचा विचार करा. आज तुमच्यासाठी क्लाउड अप १ किंवा त्याच धाटणीचा दुसरा टेंट. त्याची मागची टोकं खुंट्यांनी ताणावी लागतात, म्हणजे सड्यावर दोन जड दगड पुरतील. पावसात इनर आधी लावताना तो भिजू शकतो, म्हणून एक पंचा सॅकमध्ये वरच हाताशी ठेवा.

जागेबद्दल एवढंच. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. किनाऱ्यावरही वाटेल तिथे टेंट ठोकता येत नाही. गावात मालकाला विचारून काजूच्या बागायतीत जागा मागा, बहुतेक वेळा मिळते, चहाही मिळतो. देवराईत टेंट लावू नका, गावकऱ्यांच्या श्रद्धेची जागा आहे ती. माडाखाली तर कधीच नाही, नारळ आणि झावळी सांगून पडत नाहीत. ओहोळाच्या काठापेक्षा थोडं वर, झाडांच्या छायेत लावलात तर दव बरंच कमी जाणवेल, कारण थंड हवा खाली खोलगटात साचते आणि वरची झाडं उघड्या आकाशापासून आडोसा देतात. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट ऐकू आला तर उघड्या सड्यावर थांबू नका.

टेंट आला की ट्रेकआधी घराच्या गच्चीवर एक अख्खी रात्र त्यात झोपा आणि सकाळी फ्लायची आतली बाजू बघा. क्लाउड अप मागवताना २०डी नायलॉनचा की २१०टी (टी म्हणजे विणीतल्या धाग्यांची दाटी) पॉलिएस्टरचा, हे विक्रेत्याकडून आधी लिहून घ्या. एकाच नावाने दोन्ही येतात आणि वजनात चांगलाच फरक आहे. इनरचे आतले फोटोही मागवा. ते इथे टाकलेत तर जाळी पुरेशी आहे का ते बघून सांगतो.