अलीकडचा कोणता ॲनिमेशनपट आणि कोणत्या अद्भुतरम्य मालिकेचा कोणता भाग तुमच्या मनात राहिला, आणि का? मुलांना ते दाखवावेत का?

माझे उत्तर ‘फ्लो’ हा 2024 चा लाटव्हियन चित्रपट आणि ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वातला चौथा भाग असे आहे. हा भाग त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आला. दोन्हींची कथा पुढे उघड होणार आहे, तेव्हा ज्यांना ते अजून पाहायचे आहेत त्यांनी आधी पाहून मग हे वाचावे. एक अवघ्या 85 मिनिटांचा शांत चित्रपट आणि दुसरा रक्त, आग नि राखेने भरलेला भाग, असे असूनही दोन्हींनी मला एकाच ठिकाणी गाठले. दोन्हींत प्राणी शेवटपर्यंत प्राणीच राहतो, त्याच्या तोंडी माणसाची भाषा कोणी घालत नाही, आणि तरीही त्याच्या जिवाची घालमेल आपल्यापर्यंत पोहोचते.

‘फ्लो’मध्ये एकही संवाद नाही. सगळे जग पाण्याखाली चालले आहे, माणसे कोठे गेली ते कोणी सांगत नाही, आणि एक गडद करड्या रंगाचे मांजर वाहत आलेल्या शिडाच्या होडीत चढते. होडीत आधीपासून एक सुस्त कॅपिबारा, म्हणजे घुशीच्या जातकुळीतला पण आकाराने खूप मोठा प्राणी, असतो. पुढे माकडासारखा दिसणारा लेमूर, लॅब्राडोर कुत्रा आणि सेक्रेटरी हा लांब पायांचा शिकारी पक्षी येऊन मिळतात. मांजर पाळलेल्या कोणालाही पहिल्या काही मिनिटांतच खात्री पटेल की, हे काम मांजराकडे वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाचे आहे. अनोळखी प्राणी दिसताच कान मागे जातात, अंग जमिनीलगत येते, बुबुळे मोठी होतात, आणि पळून जाण्याची वाट मोकळी आहे ना हे आधी पाहून मगच कुतूहल डोके वर काढते. हेच मांजर, जे सुरुवातीला पाण्याला जिवानिशी घाबरते, पुढे आपणहून बुडी मारून मासे पकडू लागते. हा बदल कोणाच्या उपदेशाने होत नाही. भूक आणि सवय यांनी होतो, म्हणूनच तो खरा वाटतो.

दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांनी हा चित्रपट ब्लेंडर या कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला आणि मोठमोठ्या स्टुडिओंच्या चित्रपटांना मागे टाकून 2025 मध्ये ऑस्कर मिळवले. लाटव्हियाला मिळालेले हे पहिलेच ऑस्कर. यातले आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपिबाराचा खरा आवाज मात्र त्या शांत स्वभावाला शोभेना, तेव्हा त्याच्यासाठी उंटाच्या पिल्लाचा आवाज घेतला गेला, आणि पडद्यावर ते जराही खटकत नाही.

माझ्या दृष्टीने चित्रपटाचा कळस शेवटाकडे आहे. पाणी ओसरते, होडी झाडात अडकते, खाली दरी असते आणि कॅपिबारा आत राहिलेला असतो. सगळे मिळून दोर ओढत असतात, तेवढ्यात एक ससा धावत जातो आणि लॅब्राडोरच्या सोबतची कुत्र्यांची टोळी दोर सोडून त्याच्यामागे पळते. त्यांना वाईट ठरवले जात नाही. कुत्रे सशामागे धावणारच. लॅब्राडोर मात्र थांबतो, आणि आपल्या जातीच्या सोबत्यांना सोडून त्याचे ते थांबणे मला कोणत्याही संवादापेक्षा मोठे वाटले. पक्षी प्रकाशात आकाशाकडे उचलला जातो तो प्रसंग मला तितकासा पटला नाही. इतका वेळ जमिनीवर घट्ट पाय रोवून चाललेली गोष्ट तेथे अचानक रूपकाकडे वळते, असे माझे मत आहे.

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’मध्ये एकाच राजघराण्यातले दोन गट सिंहासनासाठी ड्रॅगनवर बसून लढतात; हा भाग ॲलन टेलर यांनी दिग्दर्शित केला आहे. रूक्स रेस्टच्या गढीवर एका गटाचा सेनापती क्रिस्टन कोल याची फौज चालून येते, आणि तिला रोखण्यासाठी दुसऱ्या गटाची राजकन्या रेनिस आपल्या मेलीस या तांबड्या ड्रॅगनवर निघते. खरे तर तो सापळा असतो. जंगलात कोलच्याच गटाचा राजपुत्र एमंड व्हेगार या प्रचंड आणि म्हाताऱ्या ड्रॅगनला घेऊन दबा धरून बसलेला असतो. मध्येच एमंडचा भाऊ राजा एगॉन कोणालाही न विचारता आपल्या सनफायर या ड्रॅगनवरून येऊन पडतो, आणि एमंड सख्ख्या भावाचीही पर्वा न करता आगीचा हुकूम देतो. दरबारातली कारस्थाने मी या मालिकेत पुष्कळ पाहिली होती, त्यामुळे भागाचा पूर्वार्ध मला लवकर विसरता आला. उत्तरार्ध अजूनही विसरता येत नाही.

रेनिसला निसटून जाण्याची संधी असते, तरी ती मेलीसला पुन्हा युद्धाकडे वळवते. ईव्ह बेस्ट या अभिनेत्रीने तो निर्णय एका शब्दाचेही स्पष्टीकरण न देता केवळ चेहऱ्यावर उमटवला आहे. मग गढीच्या आडून व्हेगार वर झेपावते आणि मेलीसची मान जबड्यात पकडते. प्राण जाता जाता मेलीस मान वळवून पाठीवरच्या रेनिसकडे पाहते. तो क्षण जेमतेम काही सेकंदांचा आहे, पण त्यात ड्रॅगन हे युद्धाचे हत्यार राहत नाही. ज्या माणसावर विश्वास ठेवून ती आयुष्यभर उडाली, त्याच्यासोबत मरणारे ते एक जनावर असते. हे भांडण ज्या सिंहासनासाठी चालले आहे, त्याच्याशी तिचे काहीही देणेघेणे नव्हते, आणि याच गोष्टीचा मला सर्वांत जास्त त्रास झाला. पुढच्याच भागात मेलीसचे मुंडके गाड्यावर घालून राजधानीतून मिरवले जाते, तेव्हा विजयाचा जल्लोष करण्याऐवजी रस्त्यावरची साधी माणसे धास्तावतात. ती प्रतिक्रिया मला फार अचूक वाटली.

आता मुलांचे. हाउस ऑफ द ड्रॅगन ही मालिका मुलांसाठी मुळीच नाही. हिंसा आणि इतर प्रसंग पाहता तिच्यापासून त्यांना दूरच ठेवावे. ‘फ्लो’ मात्र शाळकरी मुलांसोबत जरूर पाहावा. संवादच नसल्यामुळे भाषेची अडचण येत नाही. मांजर पाण्यात बुडते आणि शेवटी एक अजस्र सागरी प्राणी जमिनीवर अडकून पडतो, तेव्हा लहान मूल घाबरू शकते. म्हणून त्याला एकट्याला चित्रपट लावून देऊ नये, जवळ बसावे, आणि श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नये, कारण तिच्यानंतर त्या प्राण्याविषयीचे एक छोटे दृश्य आहे.