मायांच्या पिरॅमिडात नेफाइट सापडतात का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न (सॉल्ट लेक सिटीजवळून एक ताई): कॅनकूनच्या ट्रिपमध्ये शेजारची मॉर्मन फॅमिली सोबत होती. चिचेन इत्झा या मेक्सिकोतल्या जुन्या माया शहरातला पिरॅमिड बघून ते म्हणाले, आमच्या ग्रंथातल्या लोकांनी बांधलाय हा. खरं का?

ताई, बाकीच्यांसाठी आधी ग्रंथाची गोष्ट थोडक्यात सांगतो. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरात बुक ऑफ मॉर्मन छापलं, त्याचं म्हणणं की देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर आहे हा. त्यात असं आहे की इ.स.पू. ६०० च्या सुमारास लीहाय नावाचा माणूस कुटुंबकबिला घेऊन जेरुसलेमहून निघाला, जहाजाने अमेरिकेत पोचला, मग वंशात नेफाइट आणि लेमनाइट असे दोन तट पडले, मधे पुनरुत्थान झालेला येशू तिथे येऊन गेला, आणि इ.स. ३८५ च्या आसपास मोठ्या लढाईत नेफाइट संपले.

आता नुसत्या तारखा लावून बघा. चिचेन इत्झाचा तो मोठा पिरॅमिड नेफाइट संपल्यावर निदान चार-पाचशे वर्षांनी उभा राहिलाय. म्हणजे विषय तिथेच संपला.

पण हे डोक्यात आलं कुठून ते इंटरेस्टिंग आहे. १८४१ मध्ये जॉन लॉइड स्टीफन्सचं मध्य अमेरिकेच्या प्रवासाचं पुस्तक आलं, सोबतचा चित्रकार कॅथरवुड याच्या चित्रांसकट, आणि अमेरिकेत जोरदार खपलं. १८४२ मध्ये मॉर्मन लोकांच्या 'टाइम्स अँड सीझन्स' पेपरात ते अवशेष थेट ग्रंथातल्या शहरांशी जोडले गेले. गंमत म्हणजे स्टीफन्स स्वतः त्याच पुस्तकात सांगतोय की ही शहरं तिथे आज राहणाऱ्या लोकांच्याच पूर्वजांनी बांधली असणार, बाहेरून कोणी यायची गरज नाही. एवढा भाग सोयीस्करपणे गाळला गेला. आणि तुमच्या शेजाऱ्यांना हेही सांगा की ग्रंथातल्या घटना अमेरिकेत नेमक्या कुठे घडल्या यावर त्यांच्या चर्चची आज अधिकृत भूमिकाच नाहीये.

प्रश्न (पुणे): या ग्रंथात घोडे, रथ, पोलाद, गहू असं सगळं येतं म्हणे. प्राचीन अमेरिकेत होतं का हे?

नव्हतं. घोडा अमेरिकेतलाच मूळचा प्राणी, पण साधारण १०,००० वर्षांपूर्वी तिथून नामशेष झाला आणि परत आला तो थेट स्पॅनिश जहाजांतून, कोलंबसच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत. माया वस्त्यांच्या उकिरड्यांत हरणं, कुत्री, टर्की यांची हाडं ढिगाने मिळतात, हजारो लोकांनी शतकानुशतकं पाळलेला घोडा असता तर त्याची हाडं तिथे नसती का? काही मॉर्मन अभ्यासक म्हणतात की घोडा म्हणजे टॅपिर, तो डुकरासारखा दिसणारा जंगली प्राणी, असेल. टॅपिरला रथ जुंपलेला डोळ्यासमोर आणा आणि तुम्हीच ठरवा.

पोलादाचं त्याहून अवघड आहे कारण लोखंड गाळलं की भट्ट्या आणि मळी मागे राहते, ती कुजत नाही. मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या त्या पट्ट्यात, धातूकामच इ.स. ६०० नंतर दक्षिणेकडून आलं, तेही मुख्यतः तांबं. चाकाची कल्पना मात्र त्यांना होती हं, व्हेराक्रूझमध्ये चाकं लावलेली मातीची खेळणी मिळालीयत. ओढायला जनावरच नाही म्हटल्यावर गाडी करून करणार काय! आणि खाणं मका, घेवडा, भोपळा, ज्याबद्दल हा ग्रंथ फार बोलत नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): मग ग्रंथाच्या बाजूने एकही पुरावा नाही? तुम्ही एकतर्फी लिहिताय असं वाटतं.

रास्त आहे. त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा अमेरिकेतला नाहीच, येमेनमधला आहे. ग्रंथात लीहायच्या प्रवासात नाहोम नावाची जागा येते, आणि येमेनमध्ये मारिबजवळ मिळालेल्या, त्याच काळाच्या आसपासच्या, दगडी वेदींवर न-ह-म अशी अक्षरं असलेलं एका टोळीचं नाव आहे. योगायोग म्हणा किंवा नका म्हणू, पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फक्त त्यातून जास्तीत जास्त अरबस्तानातला एक मुक्काम सिद्ध होईल. समुद्रापलीकडे शेकडो वर्षं नांदलेल्या राष्ट्राचं एक नाणं, एक हिब्रू शिलालेख, एक ओळखू येणारं शहर, काहीच नाही. आणि माया लिपी आता बऱ्यापैकी वाचता येते, राजांची नावं, लढाया, तारखा सगळं येतं त्यात, नेफाइट येत नाहीत.

प्रश्न (ठाणे, बेने इस्राएल समाजातले एक काका): आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आले असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. लीहायची गोष्टही तशीच वाटते. मग आमची खरी आणि त्यांची खोटी कशी?

काका, या वेळचा बेस्ट प्रश्न तुमचा. तुमच्या कथेतली जहाजफुटीची तारीख वगैरे कोणी सिद्ध केलेली नाही, पण २०१६ मध्ये बेने इस्राएल लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंश आणि स्थानिक भारतीय अंश दोन्ही स्पष्ट दिसले. म्हणजे कोकणात तेल गाळणारा, मराठी बोलणारा, शनिवार पाळणारा एक छोटासा समाज, त्याच्या रक्तात खूण राहिली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा डीएनए मात्र सायबेरियाकडे, ईशान्य आशियाकडे बोट दाखवतो. मोंटानात सापडलेल्या साधारण १२,६०० वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाचा जीनोम २०१४ मध्ये वाचला गेला, तर तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या आजच्या मूळ लोकांशी जवळचा निघाला.

मॉर्मन बाजू म्हणते की लीहायची मंडळी मूठभर होती, मोठ्या लोकसंख्येत मिसळून खूण पुसली गेली. तत्त्वतः हे होऊ शकतं, तुमचा समाज आपसातच लग्नं करत राहिला म्हणून खूण टिकली हेही आहेच. पण ग्रंथाच्या प्रस्तावनेत १९८१ पासून लेमनाइट हे अमेरिकन इंडियन लोकांचे प्रमुख पूर्वज असं छापलेलं होतं, ते २००६ च्या आवृत्तीत पूर्वजांपैकी एक असं बदललं. दावा इतका बारीक करत नेला की तो तपासायलाच काही उरत नाही, माझी अडचण ती आहे.

प्रश्न (नाशिक): मॉर्मन लोकांनी स्वतः उत्खनन केलं नाही का कधी?

केलं की, आणि फार चांगलं केलं! थॉमस फर्ग्युसन नावाचा वकील, ग्रंथ जमिनीतून सिद्ध होणारच अशी खात्री असलेला, त्याने १९५२ मध्ये न्यू वर्ल्ड आर्किऑलॉजिकल फाउंडेशन काढलं, पुढे चर्चने पैसा दिला आणि मेक्सिकोच्या चियापासमध्ये खोदकाम झालं. या लोकांनी काढलेल्या चियापा दे कोर्सोच्या एका शिळेवर इ.स.पू. ३६ ची तारीख आहे, माया वगैरे लोक वापरायचे त्या दीर्घगणना (लाँग काउंट) कॅलेंडरातली माहीत असलेली सगळ्यात जुनी. नेफाइट मिळाले नाहीत, पण चियापासचा सुरुवातीचा इतिहास आज जो कळतो त्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. फर्ग्युसनचा स्वतःचा विश्वास मात्र पुढे उडाला.

इसापाची पाच नंबरची शिळा पण याच भागातली. तिच्यावर झाड आणि माणसं कोरलीयत, १९५० च्या दशकात एका मॉर्मन प्राध्यापकाने ते ग्रंथात लीहायला पडलेलं झाडाचं स्वप्न म्हणून जाहीर केलं आणि त्याच्या प्रतिकृती घराघरात गेल्या. १९९९ मध्ये नीट नवं रेखाचित्र काढून ते नाकारलं कोणी, तर मॉर्मन विद्यापीठातल्याच जॉन क्लार्क या पुरातत्त्वज्ञाने. मान द्यावा असा माणूस.

प्रश्न (इंदूर): केत्झालकोआत्ल हा दाढीवाला गोरा देव म्हणजे येशूच ना?

नाही. पिसांचा साप असलेला हा देव तियोतिहुआकान या मेक्सिकोतल्या प्राचीन शहराच्या देवळावर कोरलाय, तिथे दाढी नाही आणि गोरेपण तर नाहीच. गोऱ्या देवाची कहाणी स्पॅनिश विजयानंतरच्या लिखाणात फुगत गेली, त्यात जिंकणाऱ्यांची सोय होती.

प्रश्न (कोलंबस, ओहायो): इथे काहीजण सांगतात की नेफाइट मेक्सिकोत नाही, ओहायोतच होते, मातीच्या टेकड्या त्यांनीच रचल्या. काळही जुळतो म्हणे.

काळ थोडाफार जुळतो हे खरंय. तिथल्या टेकड्या रचणाऱ्यांपैकी होपवेल संस्कृती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. पण त्यांची शहरं नव्हती, छोट्या वस्त्या होत्या, आणि यलोस्टोनचा ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच), लेक सुपीरियरचं तांबं, मेक्सिकोच्या आखातातले शंख इतक्या लांबून त्यांच्याकडे यायचे. लाखोंच्या फौजा आणि पोलादी तलवारी यात कुठेच बसत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात गोऱ्या अमेरिकनांत समजच होता की टेकड्या कुठल्यातरी हरवलेल्या थोर वंशाच्या, इंडियनांना हे जमणार नाही. ज्या वर्षी हा ग्रंथ छापला त्याच १८३० मध्ये इंडियनांना मिसिसिपीपलीकडे हाकलायचा कायदा झाला, मग असा समज कोणाला नको असणार? सायरस थॉमसने १८९४ मध्ये सरकारी रिपोर्टात ढीगभर पुरावा देऊन तो मोडला, टेकड्या तिथल्याच मूळ लोकांच्या. तुमच्यापासून तासाभरावर न्यूअर्कला ऑक्टॅगॉन (अष्टकोन) आहे, चंद्राच्या १८.६ वर्षांच्या चक्राशी जुळवून बांधलेलं मातीकाम, अनेक दशकं त्याच्यावर चक्क गोल्फ कोर्स होता. २०२३ मध्ये वर्ल्ड हेरिटेज यादीत आलं आणि २०२५ पासून पूर्णवेळ लोकांना खुलं झालंय, मुलांना घेऊन नक्की जा, आणि चालायचे बूट घाला, परिसर मोठा आहे.