'मार्गरीत' म्हणजे डेझी? आधी मोती!

पॅरिसला राहणाऱ्या भाचीने लेकीचं नाव 'मार्ग्युराइट' ठेवलंय, त्याचा अर्थ डेझीचं फूल ना, आणि आपल्याकडे त्याच्या जवळचं नाव कोणतं, असा प्रश्न आला आहे.

आधी उच्चार. मार्गरीत! 'मार्ग्युराइट' ऐकलं की कपाळाला आठी पडते. स्पेलिंगमधला तो 'यू' उच्चारायचा नसतो. 'ग'चा 'ज' होऊ नये म्हणून राखणीला बसवलेला असतो. इंग्रजांनी हा घोळ एका भावंडशब्दात केलाच. बेकरीत लोण्याऐवजी वापरतात त्या 'मार्जरीन'ला फ्रेंच माणूस 'मार्गारीन' म्हणतो. शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाला १८१३ साली चरबीतून निघालेल्या एका आम्लात मोत्याची चमक दिसली, त्यावरून पुढे हे नाव आलं.

मोत्याची, कारण मार्गरीत मुळात मोतीच. फुलाचा अर्थ खरा आहे, पण मागून आलेला. नावार या फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या राज्याची राणी मार्गरीत हिच्या कविता १५४७ साली छापल्या, त्या शीर्षकातच श्लेष आहे : 'राजकन्यांमधल्या मार्गरीतच्या मार्गरीती'. मोत्याचे मोती! त्याआधी लॅटिन 'मार्गारिता', त्याआधी ग्रीक 'मार्गारितेस'.

आता खरी गंमत. नावांची पुस्तकं, काही जुने कोशकारही, या ग्रीक शब्दाचं मूळ म्हणून थेट संस्कृत 'मञ्जरी' आणून बसवतात. मला हे अजिबात पटत नाही. मञ्जरी म्हणजे मोहोर, तुळशीची मंजिरी. कोशात तिला 'मोती' हाही अर्थ दिलाय, मान्य. पण 'ञ्ज'चा 'र्ग' झाला कसा, हे कुणी सांगावं ना! त्यापेक्षा मूळ इराणी मानावं : फारसीत मोत्याला सरळ 'मरवारीद' म्हणतात. युनानी औषधांच्या दुकानात 'खमीरा मरवारीद' मागून बघा. 'व' आणि 'ग' जुळत नाहीत म्हणाल, तर जुन्या इराणीत पक्ष्याला आपल्या 'मृग'सारखा शब्द होता, मध्य फारसीत त्याचा 'मुर्व' झाला. ग्रीकांच्या कानी जुना 'ग' पडला असणार.

पण मोती तर भारतातून जायचे! अलेक्झांडरचा समकालीन ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस तसं लिहूनच ठेवतो. मग नाव इराणी कसं? माझं मत असं, की मालाला नाव पिकवणाऱ्याचं लागत नाही, ज्याच्या बाजारातून तो येतो त्याचं लागतं. आपल्याच नथीतले बसरा मोती बघा. ते बसऱ्यात कुठे निघायचे? निघायचे बहरीनच्या आसपास, विकले जायचे बसऱ्यात, आणि आपल्या आज्यांनी नाव बसऱ्याचं घेतलं. ग्रीकांनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं, असं मला ठामपणे वाटतं.

जवळचं नाव विचारलंत, ते राहिलंच. मुक्ता. मंजिरी नव्हे.